चार पश्चिमांची इमारत

मंगळवारी दुपारी चार वाजता शीतलकुंजच्या चारही भिंती पश्चिमेच्या झाल्या, आणि त्यानंतर तिथे पाच वाजलेच नाहीत.

मृणाल देवतळे तेव्हा ओट्यापाशी चहा गाळत होती. समोरच्या खिडकीतून ऊन आलं, ते रोजचंच. मग तसंच ऊन मागच्या दारातून आलं आणि पाठीवर बसलं. मग डावीकडून आलं, मग उजवीकडून. चारही उन्हं सारखीच तिरपी, सारखीच पिवळी, मे महिन्यातल्या चारच्या उन्हाला येतो तो तापल्या तव्याचा वास घेऊन आलेली. कपाची सावली पडली नाही. मृणालने कप उचलून खाली पाहिलं, तिथेही नव्हती. दुपारच्या सावलीला पडायला पूर्व लागते, आणि पूर्व कुठल्याच बाजूला उरली नव्हती.

इमारत तिनेच काढलेली. आर्किटेक्ट सहसा आपण काढलेल्या इमारतीत राहत नाही, हलवाई आपली मिठाई खात नाही तसा. मृणालने हा नियम मोडला होता, आणि गेली आठ वर्षं ती तीन कूलर लावून त्याचं समर्थन करत होती.

दहा मिनिटांत गोहोकर साहेब वर आले. गोहोकर साहेब म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना पाळीपाळीने वाटण्यात गेली, त्यामुळे जगात कुठलीही गोष्ट कमी पडली की त्यांना हुरूप यायचा. त्यांच्या हातात वही होती.

"मॅडम, माझ्या देवघरात ऊन शिरलं आहे."

"माझ्या फ्रिजमध्येही आहे, साहेब. दार उघडलं की दिसतं."

"मग नकाशे काढा."

मृणालने कपाटातून नकाशे काढले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. शीटा चार होत्या. प्रत्येक शीटवर उत्तर दिशा दाखवणारा एकेक बाण होता, आणि चारही बाण चार दिशांना तोंड करून होते. यात तिला नवल वाटलं नाही. पहिल्या शीटवर बाण वरच्या बाजूला चांगला दिसला, म्हणून वर. ड्रेनेजची शीट आडवी केली, तेव्हा बाणही आडवा झाला. आरसीसीवाल्याने स्वतःचा बाण आणला, जुन्या कुठल्या कामातला. आणि बिल्डरच्या ब्रोशरसाठी काढलेल्या शीटवर बाण असा फिरवला होता की बाराही फ्लॅटचं दार पूर्वेला यावं आणि बाराही स्वयंपाकघरं आग्नेयेला. मृणालने तोवर आठ इमारती केल्या होत्या. नवव्या इमारतीपर्यंत बाण ही शीट भरलेली दिसावी म्हणून टाकायची वस्तू होऊन जाते, पाहुण्यांच्या खोलीतल्या फुलदाणीसारखी.

गोहोकर साहेबांनी चारही बाणांवर बोट ठेवून पाहिलं. "चार उत्तरा, म्हणून चार पश्चिमा."

"हो."

"म्हणजे इमारत कागदाबरहुकूम झाली."

"हो, साहेब."

"मग तक्रार कुणाची करायची?"

मृणालने शीटा पुढे ओढल्या. तिने खोडरबर घेतलं आणि ड्रेनेजच्या शीटवरचा बाण पुसला. त्या बाजूचं ऊन गेलं. पण उन्हाबरोबर ती बाजूही गेली. खिडक्यांबाहेर कोऱ्या शीटसारखं पांढरं उभं राहिलं. दोनशे दोनच्या बोरकुटेकाकूंचं लुगडं त्या बाजूच्या दोरीवर होतं, ते वाऱ्याने फुगलेलं तसंच थांबलं. गोहोकर साहेब खाली जाऊन पाच मिनिटांत परत आले.

"मॅडम, माझी गॅलरी कुठं उघडते?"

"सध्या कुठंच नाही."

"तापलेली चालेल. पण दिशा परत लावून द्या. सकाळी दात घासताना माणसाला काहीतरी दिसलं पाहिजे."

मृणालने बाण परत काढला. ऊन आलं. साहेबांनी हुश्श केलं आणि रुमालाने टक्कल पुसलं.

बुधवारी सकाळी दूधवाला आला आणि परत जाऊ शकला नाही. इमारतीचं फाटक पूर्वेला होतं. ते समोर दिसत होतं, त्याची कडी दिसत होती, पलीकडून जाणारी सायकल दिसत होती. पण त्याच्याकडे चालत गेलं की माणूस पश्चिमेच्या भिंतीशी पोचायचा. कुठूनही निघा, कपाळ तापल्या विटेलाच लागायचं. फोन लागत होते. बाहेरचे म्हणायचे, आम्हाला तर इमारत व्यवस्थित दिसतेय, येऊन पाहू का? तेव्हा त्यांना 'नका येऊ' म्हणावं लागे. आत येणाऱ्याला काहीच अडचण नव्हती.

सूर्य कुठून उगवायचा हेही कुणाला आठवेना. आठ वर्षं ज्यांनी रोज सूर्याला अर्घ्य दिलं होतं, ते चार जण चार बाजूंना बोट दाखवत होते, आणि दोघांनी तर ब्रोशर आणून दाखवलं.

अकराच्या सुमारास फाटकाशी ऑटो थांबला आणि ऋजुता उतरली.

ऋजुता म्हणजे मृणालची धाकटी बहीण. तिला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी रीत, आणि आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे ताईचा फ्लॅट. ती वर्ध्याहून एसटीने आली होती, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डॉक्टरांची फाइल. दवाखाना चौकाच्या पलीकडे, ऑटोने दहा मिनिटं. तारीख पुढच्या मंगळवारची दिलेली.

मृणाल गॅलरीतून ओरडली, "येऊ नकोस! तिथेच थांब!"

"काय बाई स्वागत!" ऋजुता हसली आणि फाटक लोटून आत आली.

ती पार्किंगमधल्या नळापाशी पोचली, तेव्हा मृणालला दिसलं की बहिणीच्या पायापासून निघून एक काळी पट्टी फरशीवर तिच्याबरोबर चालते आहे. ऋजुताला सावली होती. ती सावली वर्ध्याची होती; गावातल्या दूधवाल्याची फाटकातच सुटली होती. इथल्या चार उन्हांशी तिचा संबंध नव्हता, ती आपल्या वेळेने चालत होती: सकाळी नळाकडे लांब, दुपारी पायाशी गोळा, संध्याकाळी स्कूटरींच्या रांगेकडे लांब.

गुरुवारी सकाळी बोरकुटेकाकू नळावर बादली लावायला आल्या आणि ऋजुताशी बोलता बोलता तिच्या सावलीत उभ्या राहिल्या. मध्येच बोलायच्या थांबल्या.

"अगं बाई. इथं गार आहे."

नऊपर्यंत सहा जण तिथे होते. दहापर्यंत अकरा. कुणी ढकलाढकली केली नाही, सगळी सुशिक्षित माणसं. फक्त जो तो ऋजुताची चौकशी करायला आला होता, आणि चौकशी लवकर संपत नव्हती. कितवा महिना? पाय सुजतात का? डाळिंब खा. सावलीत पाय ठेवून लोक तिला डाळिंबाचे गुण सांगत होते.

दुपारी गोहोकर साहेबांनी नोटीस लावली. उन्हाळी आवर्तन. कालव्याला जसं पाणी सुटतं, तशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा सावली. बारा तास, बारा फ्लॅट. हिशोब इतका सुबक जुळला की साहेबांना त्यात ईश्वरी योजना दिसली. पाळी शेवटच्या टोकापासून, कारण कालव्यावर नियमच तसा: टेलच्या शेतकऱ्याला आधी, नाहीतर त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही. इथे टेल म्हणजे चौथा मजला. त्यांना सकाळची लांब सावली मिळाली. दुपारी बारा ते एक, जेव्हा सावली पायाखाली ताटलीएवढी उरते, तो तास मृणालच्या फ्लॅटला.

"तुमची काय, घरचीच सावली आहे," साहेब म्हणाले.

"ती गरोदर आहे, साहेब. तिला तासन्‌तास उभं राहता येणार नाही."

"खुर्ची देतो ना."

खुर्ची दिली. पण बसलेल्या बाईची सावली उभ्या बाईच्या निम्मी पडते, हे शुक्रवारी सकाळी पहिल्या पाळीतच सगळ्यांच्या ध्यानात आलं. चौथ्या मजल्यावरची एक सून हळूच म्हणाली, "बसलीस की आमचं अर्धं होतं गं. थोडं उठतेस का, सवड असेल तर?"

ऋजुता उठली. तिला नाही म्हणता येत नसे. लहानपणी शाळेत फळ्यापुढे उभं केलं की बाई 'बस' म्हणायला विसरायच्या आणि ही सुट्टीपर्यंत उभी राहायची. दूधवाला लांबून पाहत होता. तो तेरावा होता, त्याला पाळी नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी मृणालने बहिणीची सावली फरशीवर बोटाने चाचपली. खांद्याजवळ ती विरली होती. जुन्या चादरीतून दिसावं तसं तिच्यातून ऊन दिसत होतं.

"दुखतं का?"

"दुखत नाही. टोचतं. आणि ताई..." ऋजुताने पोटावर हात ठेवला. "बाळ खाली आलंय गं. मंगळवारपर्यंत नाही थांबायचं ते."

त्या रात्रीच्या, म्हणजे बाहेर रात्र असतानाच्या चारच्या उन्हात मृणाल चार शीटा घेऊन बसली. बाणांपैकी एक खरा असेल तर बाकीचे तीन पुसावेत. पण खरा कुठला? तिने नऊ इमारती उभ्या केल्या होत्या आणि एकाही प्लॉटवर ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबली नव्हती. प्लॉटवर ती अकराला जायची आणि साडेअकराला गाडीत बसायची, एसी लावून. तिने या इमारतीचा पाया आखणाऱ्या तुळशीराम मिस्त्रीला फोन केला.

तुळशीराम शनिवारी सकाळी आला. साठी उलटलेला, पाय धनुकलीसारखे वाकडे, खांद्यावर थैली. थैलीत ओळंबा, सुताची दोरी आणि फक्की, म्हणजे पाया आखताना जमिनीवर टाकतात ती पांढरी भुकटी. तो फाटकाबाहेर थांबला.

"मिस्त्री, विचार करा. आत आलात तर बाहेर पडता येणार नाही."

"मले ठाऊक हाये. जरा सरका मॅडम, थैली आपटन."

तो आत आला, त्याची सावली फाटकातच राहिली, आणि त्याने इमारतीभोवती एक चक्कर मारली. भिंतीला हात लावला, चटका बसला, तसं बोट तोंडात घातलं.

"मी तवाच म्हनलो होतो," तो म्हणाला. "एक दिवस द्या. काठी गाडतो, सावली पाहतो, मंग फक्की टाकतो. आमचा बाप काठीबिगर पाया नव्हता खोदत. तुमी काय म्हनलं, सांगू?"

"नको."

"तुमी म्हनलं, मिस्त्री, बाण शीटवर हाये."

"मिस्त्री, आता काठी गाडली तर?"

"काठीले सावली कुठं पडते आता?" त्याने पार्किंगकडे पाहिलं. ऋजुता उभी होती, तिच्या सावलीत चौथ्या मजल्यावरची तीन माणसं पेपर वाचत होती. "काठी तं तेच एक उरली हाये. पोरीले एक दिवस उभी करा मधोमध. सक्काळपासून. पन सावलीत कोनी पाय नाही टाकाचा. टोक मोडलं का दिशा मोडली."

शनिवारी पार्किंगमध्ये सभा झाली. गोहोकर साहेबांनी विषय वाचून दाखवला: एक दिवस आवर्तन बंद ठेवून सावलीचा उपयोग दिशा काढण्यासाठी करणे.

"अख्खा दिवस?" कुणीतरी म्हणालं. "चौथ्या मजल्याचं काय होईल?"

"दिशा मिळाली की तीन बाजूंचं ऊन जाईल," मृणाल म्हणाली. "मग पश्चिमेला मी छज्जे काढून देते, रुंद. झाडं लावू. हवा खेळेल."

"हवेशीर," बोरकुटेकाकू म्हणाल्या. "ब्रोशरमध्ये पण होतं."

लोक हसले. मृणालही हसली, कारण तो शब्द तिनेच लिहून दिला होता.

"माझी बहीण बाळंत व्हायची आहे," ती म्हणाली. "तिला दवाखान्यात न्यायचंय. त्याला फाटक लागतं. फाटकाला पूर्व लागते."

माणसं वाईट नव्हती. ती फक्त तापलेली होती, आणि तापलेल्या माणसाला दुसऱ्याची निकड समजायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. शेवटी साहेबांनी ठराव लिहिला. रविवार दिला. पण सहा वाजेपर्यंत दिशा निघाली नाही, तर सावली सोसायटीच्या ताब्यात, पावसाळा लागेपर्यंत. ऋजुताने स्वतःच सही केली. "ताई काढेल," ती म्हणाली.

रविवारी सहाला तुळशीरामने पार्किंगच्या मधोमध खुणेची फरशी धरली आणि ऋजुताला तिच्यावर उभं केलं.

"बाई, अंबाडा घट्ट बांधा. टोक एकच पाह्यजे."

तिने अंबाडा बांधला. सावली लांब होती, आठनंतर आवरती झाली. नऊला तुळशीरामने तिच्या पायाशी दोरीचं एक टोक धरलं, दुसरं अंबाड्याच्या सावलीच्या टोकापर्यंत ताणलं, आणि तेवढ्या दोरीने फरशीवर फक्कीचं वर्तुळ काढलं. टोक जिथे वर्तुळाला लागलं होतं, तिथे खूण केली.

"ही एक. आता सावली आत जाईन, दोपारची लहान होईन, मंग दुसऱ्या अंगानं वाढत वाढत पुन्हा वर्तुळाले लागन. तिथं दुसरी खूण. दोन्ही खुनांमधून रेघ मारली का पूर्व-पश्चिम. बास. आमच्या बापाची एवढीच शाळा."

एकतीस माणसं वर्तुळाबाहेर उभी राहिली. मृणाल बहिणीच्या शेजारी. तिला सावली नव्हती, म्हणून तिला जवळ उभं राहता येत होतं. ती ओल्या टॉवेलने वारा घालत होती आणि पाहत होती. एवढा वेळ ती कधी एका जागी उभी राहिली नव्हती. उन्हाला वजन असतं, ते आधी डोक्यावर आणि मग टाचांवर येतं, हे तिला पंचेचाळिसाव्या वर्षी समजत होतं. खाली फरशी होती, तीही तिनेच निवडलेली, चकचकीत, फोटोत छान येणारी. त्या फरशीवर माणसं अनवाणी पाय आळीपाळीने उचलत होती, पाणथळीतल्या बगळ्यांसारखी.

साडेबाराला ऋजुताने तिचं मनगट धरलं.

"सुरू झालं."

"मिस्त्री!"

"हलू नका. बाई, हलू नका. टोक आत हाये अजून."

कळ गेली. मग अर्ध्या तासाने दुसरी आली. ऋजुता दात आवळून उभी राहिली, अंबाडा ताठ. सावली पायाखालून निघून दुसऱ्या बाजूला वाढू लागली. दोन वाजले. अडीच. वर्तुळाची कड हातभर राहिली. आणि अशा वेळी दूधवाला, जो पाच दिवस एकदाही सावलीत बसला नव्हता आणि ज्याने त्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नव्हतं, डोळे मिटून चालत आला आणि सावलीच्या टोकावर आडवा झाला.

त्याला ओढून बाजूला केलं. दोघांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. पण टोक गेलं होतं. जिथे अंबाड्याची गोल खूण असायची, तिथे दशा निघालेला पदर उरला होता. थोड्या वेळाने तो वर्तुळाला पोचला, पण एका जागी लागला नाही, चांगला दोन हात रुंदीत लागला.

"दोन हात म्हणजे किती?" मृणालने विचारलं.

"दोन हात म्हंजे फाटक नाही, भिंत," तुळशीराम म्हणाला.

गोहोकर साहेबांनी वही उघडली. "सहाला अजून पावणेतीन तास आहेत," ते म्हणाले, दिलासा म्हणून. ऋजुताला पुन्हा कळ आली.

मृणाल फरशीवर बसली. दोन हात. या रुंदीत कुठेतरी पूर्व होती. शीटवर ती नव्हती. मग तिची नजर लोकांच्या पायांवरून वर गेली, तोंडांपर्यंत. ही माणसं आठ वर्षं इथे राहत होती. तिने त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं. ताबा दिला तेव्हा 'आवडलं का?' असं विचारलं होतं, त्याला विचारणं म्हणत नाहीत.

"काकू," ती म्हणाली. "पापड कुठल्या गॅलरीत वाळत नाहीत?"

"मागच्या. जन्मात नाही वाळले. बुरशी येते."

"तिथे जाऊन उभ्या राहा. बरोबर त्या गॅलरीखाली, भिंतीशी."

बोरकुटेकाकू भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, पावसाळ्यानंतर शेवाळ कुठल्या भिंतीला राहतं? अगदी दिवाळीपर्यंत?"

साहेब वही मिटून चालू लागले आणि काकूंपासून चार पावलांवर उभे राहिले. "इथं. मी दर वर्षी तक्रार लिहितो."

मग लोकांनी विचारायची वाट पाहिली नाही. एकाने सांगितलं, मांजर मार्चपासून जिन्याच्या अमुक पायरीवर झोपतं, आणि तिथे जाऊन बसला. चौथ्या मजल्यावरची सून म्हणाली, माझं दूध फक्त एका खिडकीत नासत नाही. कुणाची तुळस जळत नव्हती, कुणाची गाडी एका कोपऱ्यात लावली तर सीट तापत नव्हती, एक आजोबा दुपारी कुठे उशी टाकतात हे त्यांच्या बायकोने सांगितलं आणि ते लाजले. उत्तर हा शब्द कुणाला आठवत नव्हता, पण गारव्याच्या जागा सगळ्यांना पाठ होत्या. शुद्धीवर आलेला दूधवालाही उठला. "म्या रोज सक्काळी इथं टेकतो," तो म्हणाला. "थंडीत इथं गारठा असते, अन् उन्हाळ्यात बरं वाटते."

तुळशीरामने प्रत्येकाच्या पायाशी चिमूट चिमूट फक्की टाकली. चिमट्या इकडेतिकडे पडल्या, पण फार नाही. मृणालने ऋजुताच्या पायापासून त्यांच्या मधोमध दोरी ताणली. तुळशीरामने तिला काटकोनात दुसरी धरली, सकाळच्या खुणेपासून. दुसरं टोक त्या दोन हातांच्या दशांमध्ये एका धाग्यावर गेलं.

"टाका," मृणाल म्हणाली.

त्याने फक्कीची रेघ मारली.

उत्तरेचं ऊन गेलं. मग दक्षिणेचं. मग पूर्वेचं, एकेक खिडकी मिटल्यासारखं. एकतीस सावल्या धपकन एकाच बाजूला पडल्या. दूधवाल्याचीही पडली. लोक आपापल्या सावलीकडे पाहत राहिले, बऱ्याच दिवसांनी परत आलेल्या नातेवाइकाकडे पाहावं तसे, जरा संशयाने. बोरकुटेकाकूंच्या दोरीवरचं लुगडं हललं. एकटी पश्चिम राहिली, तीही मऊ होत चाललेली. तिकडे जिना आणि न्हाण्या ठेवायच्या असतात, माणसं नाही, हे मृणालला कॉलेजात शिकवलं होतं. तिने ते परीक्षेत लिहिलंही होतं. तिकडे तिने बेडरूम ठेवल्या होत्या, कारण त्या बाजूने तळ्याचा देखावा होता.

"मॅडम, जा आता," तुळशीराम म्हणाला. तो रेघेवर पाय फाकून उभा राहिला होता, कुणाचा पाय लागून ती पुसली जाऊ नये म्हणून. "म्या हाओ इथं. पन लवकर. फक्की हाये, सिमेंट नाही."

मृणालने ऋजुताच्या कमरेला हात घातला. दोघी रेघेच्या बाजूने चालू लागल्या. फाटक जवळ येऊ लागलं. कडी हाताला लागली, ती गार होती.

"पोचलो," मृणाल म्हणाली. "दहा मिनिटं. धर."

बाहेर रस्ता नव्हता. रस्ता ब्रोशरमधल्या पूर्वेला होता, आणि ती पूर्व रेघ मारताच गेली होती. खऱ्या पूर्वेला शेजारचा प्लॉट होता, आणि त्यात बिल्डरच्या दुसऱ्या इमारतीचा पाया खोदून झाला होता. पुरुषभर खोल, लांबलचक चर, काळ्या ओल्या मातीचे. कडेला दहा-बारा मजूर घमेली घेऊन बसले होते. मिक्सर फिरत होता. सुपरवायझर विटांच्या थप्पीवर एक शीट पसरून उभा होता. तिने काढलेलीच शीट. तो ती एकदा उभी धरत होता, एकदा आडवी.

"आल्या मॅडम!" तो ओरडला. "बरं झालं बाप्पा. सक्काळपासून वाट पाहून ऱ्हायलो. यावर बाण चार हायत. कोनता धरू?"

"गाडी आहे का? आधी गाडी सांगा, दवाखान्यात..."

कमरेवरचा तिचा हात रिकामा झाला. ऋजुता चराच्या कडेला मातीत खणलेल्या पायऱ्या उतरत होती, एका हाताने भिंत धरून, दुसऱ्याने पोट. खाली पोचल्यावर ती ओल्या मातीला पाठ लावून बसली आणि पाय पसरले. तिथे दाट, न वापरलेली सावली होती.

"ऋजू, वर ये."

"ताई, इथं किती गार आहे गं." तिने डोळे मिटले. "आता मला कुणी उठवू नका. इथंच होऊ दे."

"ऋजू!"

"मॅडम, माल वाळून ऱ्हायला," सुपरवायझर म्हणाला. "दिशा सांगा, म्हंजे टाकतो."

मिक्सर चराच्या तोंडाशी सरकला. मृणालने त्याला थांबवण्यासाठी हात वर केला, पंजा उघडा, पूर्ण ताणून. मजूर उठून उभे राहिले. सगळ्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, शीटवरच्या बाणाकडे पाहावं तसं. सुपरवायझरने एक डोळा बारीक करून त्या हाताच्या रोखाने पाहिलं, मग शीट थोडी फिरवली, अजून थोडी फिरवली, हाताशी जुळेपर्यंत, आणि ती हलू नये म्हणून तिच्या चारही कोपऱ्यांवर एकेक वीट ठेवली.